लिलार्ड आणावा की हॉलिडे ठेवावा

सप्टेंबर 2023 ला एनबीएमधल्या, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमधल्या, मिलवॉकी बक्सने पोर्टलंडकडून डेमियन लिलार्डला आणलं तेव्हा मी पण उड्या मारल्या होत्या, हे आधीच कबूल करून टाकतो, नाहीतर पुढे कुणीतरी म्हणणारच की निकाल लागल्यावर काय, सगळेच शहाणे. तेव्हा माझं गणित एकदम सोपं होतं. आमचा सुपरस्टार यानिस अँटेटोकुंपो आत घुसला की थांबत नाही, आणि लिलार्ड पार कोर्टच्या मधल्या लोगोजवळून थ्री, म्हणजे लांबून तीन पॉइंटचा शॉट, मारतो, हे दोघं पिक अँड रोल (एकाने आडोसा करून आत पळायचं, दुसऱ्याने बॉल घेऊन निघायचं) खेळायला लागले की समोरच्यांनी यानिसला अडवायचं की लिलार्डला? कागदावर याला उत्तरच नव्हतं. बदल्यात गेला कोण तर ज्रू हॉलिडे, ज्याच्यावर आम्ही बक्सवाले तेव्हा तसेही थोडे चिडलेलेच होतो. म्हटलं, गेला तर गेला.

चार दिवसांनी हॉलिडे पोर्टलंडहून बॉस्टनला गेला. आणि त्याच सीझनला बॉस्टन चॅम्पियन झालं.

तेव्हापासून दर ऑफसीझनला कुठल्या ना कुठल्या टीमच्या बाबतीत कोणता पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल घेऊन खेळ चालवणारा माणूस, घ्यायचा हा वाद सुरू झाला की मला हेच आठवतं. हे वाद कसे चालतात ते तुम्हाला माहितीये. एक जण म्हणतो याचे पॉइंट जास्त, दुसरा म्हणतो त्याचे असिस्ट (बास्केट होईल असे पास) बघ, तिसरा वय काढतो, चौथा कुठलातरी जुना बझर बीटर, म्हणजे शेवटच्या क्षणाचा शॉट, काढतो आणि मग रात्रभर तेच दळण. दोन माणसांची तुलना, जशी काही ती दोघं रिकाम्या कोर्टवर एकमेकांशी वन ऑन वन खेळणारेत. बाकीचे चार जण या वादात कुठेच नसतात. माझं म्हणणं असंय की तुमच्या टीममध्ये बॉल आधीच कुणाच्या हातात असतो ते आधी बघा, कुठला पॉइंट गार्ड लागतो ते त्यावरूनच ठरतं. बॉल घेऊन मॅच फिरवणारा माणूस आधीच असेल तर दुसरा तसाच आणू नका, त्याच्या बाजूला डिफेन्स करणारा, कोपऱ्यात उभं राहून थ्री मारणारा आणि बॉल मिळाला नाही तरी तोंड वाकडं न करणारा गार्ड आणा. आणि तसा माणूसच नसेल तर मात्र खुशाल स्कोअरर आणा, चार पैसे जास्त गेले तरी जाऊ देत.

आता लिलार्ड आणि हॉलिडे. गंमत म्हणजे दोघांच्या वयात एका महिन्याचा फरक आहे, हॉलिडे जून 1990 चा आणि लिलार्ड जुलै 1990 चा, त्यामुळे वयाचा मुद्दा आपोआपच बाद. लिलार्ड 2022-23 ला सरासरी 32.2 पॉइंट मारत होता, त्यात फेब्रुवारीत ह्यूस्टनविरुद्ध एका मॅचमध्ये 71. हॉलिडे 19.3. आकडे असे शेजारी ठेवले तर लहान पोरगं पण सांगेल कोण घ्यायचा. आणि बक्सने नुसता हॉलिडे नाही दिला, सोबत ग्रेसन ॲलन दिला, 2029 चा फर्स्ट राउंड पिक, म्हणजे नवे खेळाडू घ्यायच्या ड्राफ्टमधली पहिल्या फेरीतली निवड, दिला, वर 2028 आणि 2030 ला पिक अदलाबदल करायचा हक्कपण पोर्टलंडला दिला. ॲलनचं तर तेव्हा कुणाला काही वाटलंच नाही. तो फीनिक्सला गेला आणि त्या सीझनला थ्री पॉइंटच्या टक्केवारीत अख्ख्या लीगमध्ये पहिला आला, 46.1.

बक्सने हे का केलं तेही समजून घ्यायला पाहिजे, कारण ती माणसं वेडी नव्हती. 2022-23 ला बक्स 58 मॅच जिंकून लीगमध्ये पहिले होते आणि प्लेऑफच्या (सीझननंतरच्या बाद फेरीच्या) पहिल्याच राउंडला आठव्या सीडच्या, म्हणजे आठव्या नंबरवरून आलेल्या, मायामीने त्यांना 4-1 ने घरी पाठवलं. यानिस पाठीच्या दुखापतीमुळे दोन मॅच नव्हता, ते ठीक. पण चौथ्या मॅचला जिमी बटलरने 56 मारले, पाचव्या मॅचला चौथ्या क्वार्टरच्या सुरुवातीला बक्स 16 ने पुढे होते आणि तरी ओव्हरटाइममध्ये हरले. बटलरवर बराच वेळ हॉलिडेच होता, म्हणजे ज्याला आम्ही लीगमधला सगळ्यात भारी गार्ड डिफेंडर म्हणायचो त्याच्या डोक्यावरून बटलर शॉट घालत होता. वर आमचा स्वतःचा ऑफेन्स शेवटच्या मिनिटांत असा अडकायचा की बघवत नसे, यानिस बॉल घेऊन धावतोय आणि समोर तिघांची भिंत. हे काय नवीन नव्हतं, 2019 ला टोरंटोने तेच केलं होतं, 2020 ला मायामीने तेच. मग ऑगस्टमध्ये यानिस उघड बोलला की टीम खरंच जिंकायच्या मागे आहे हे दिसल्याशिवाय मी नवीन सही करणार नाही. आता तुमचा सुपरस्टार असं बोलल्यावर मॅनेजमेंटवाला शांत कसा बसेल? त्याने लिलार्ड आणला आणि ऑक्टोबरमध्ये यानिसने सही केली पण. त्या अर्थाने ट्रेडने आपलं काम केलं, हे मी मान्य करतो.

पण दुखणं ओळखलं बरोबर आणि औषध भलतंच दिलं. यानिसला शेवटच्या मिनिटांत मदत पाहिजे होती हे खरं, पण ती देताना टीमचं जे चालू होतं तेच काढून घेतलं. बक्सचा डिफेन्स आदल्या सीझनला लीगमधल्या पहिल्या चार-पाचात होता. लिलार्ड आल्यावर तो मधल्या टीमच्याही खाली गेला. आणि यात लिलार्डचा आळस वगैरे नाही हो, सहा फूट दोन इंचाचा 33 वर्षांचा माणूस, अकरा वर्षं टीमचा सगळा ऑफेन्स खांद्यावर घेऊन खेळलेला, त्याच्याकडून समोरच्या सगळ्यात वेगवान गार्डला अडवायची अपेक्षाच चुकीची. आधी ते काम हॉलिडे करायचा. तो गेल्यावर ते आलं मलिक बीझलीकडे, म्हणजे ज्याचं करिअर थ्री मारण्यावर चाललंय त्या बिचाऱ्याकडे. मग मागे ब्रुक लोपेझ कितीही मोठा उभा असला तरी काय करणार, समोरचा गार्ड दर वेळी मोकळाच आत येतोय. कोच एड्रियन ग्रिफिनला 30-13 असताना काढलं, 43 मॅचमधल्या 30 जिंकलेला कोच काढला म्हणजे आत सगळ्यांना दिसत होतं की हे जिंकणं खरं नाही.

आणि हे सगळं कुणी उघडं पाडलं, तर इंडियानाच्या टायरीस हॅलिबर्टनने. डिसेंबर 2023 ला इन सीझन टूर्नामेंटच्या सेमीफायनलला त्याने बक्सविरुद्ध 27 पॉइंट आणि 15 असिस्ट केले, टर्नओव्हर, म्हणजे बॉल गमावणं, शून्य, आणि वरून लिलार्डसमोर लिलार्डचीच ती मनगटावरचं घड्याळ दाखवायची खूण करून दाखवली. मला तेव्हा राग आला होता, आता वाटतं की त्याच्यासमोर त्या रात्री जो माणूस पाहिजे होता तो आम्हीच देऊन बसलो होतो. एप्रिल-मे 2024 ला पहिल्याच राउंडला त्याच इंडियानाने बक्सला बाहेर काढलं. पुढच्या वर्षी परत इंडियाना, परत पहिला राउंड, पाचव्या मॅचला ओव्हरटाइममध्ये शेवटचे दोनेक सेकंद उरलेले असताना हॅलिबर्टन यानिसच्या बाजूने आत घुसला आणि लेअप टाकून गेला, 119-118. खेळ खल्लास.

आता इथे लोक मला थांबवतात आणि म्हणतात, अरे दुखापतींचं काय? बरोबर आहे. 2024 ला यानिसची पोटरी गेली, तो त्या सीरीजमध्ये एक मिनिटही खेळला नाही, लिलार्ड स्वतः दोन मॅच बाहेर होता. त्या सीरीजच्या पहिल्या मॅचला लिलार्डने 35 मारले होते, सगळे पहिल्या हाफमध्ये, म्हणजे माणूस काय चीज आहे ते दिसलंच. 2025 ला त्याच्या पायात रक्ताची गाठ निघाली, त्यातून लवकर बरा होऊन आला आणि लगेच अकिलीस (टाचेमागचा स्नायूबंध) फाटला. असल्या नशिबावर कुणी काय बोलणार. दोघं धडधाकट राहिले असते तर एखादी सीरीज, कदाचित दोन, बक्सने जिंकल्या असत्या असं मलाही वाटतं. पण डिफेन्स पडला होता तो नोव्हेंबरमध्ये, सगळे फिट असताना, म्हणून दुखापतीचं कारण मला अर्धंच पटतं. आणि 33 च्या पुढच्या माणसाला घेताना दुखापत हा अपघात धरायचा नसतो, तो हिशोबात आधीच पकडायचा असतो, तेही जेव्हा त्याचा करार 2026-27 पर्यंतचा आणि लीगमधल्या सगळ्यात महागड्या करारांपैकी असतो.

त्या कराराचं शेवटी काय झालं बघा. जुलै 2025 ला बक्सने लिलार्डला सोडूनच दिलं, जवळपास 11 कोटी 30 लाख डॉलर देणं बाकी असताना, आणि ती रक्कम पाच वर्षांत वाटून घेतली. म्हणजे वर्षाला साधारण सव्वा दोन कोटी डॉलर अशा माणसासाठी कॅपमध्ये, म्हणजे टीमच्या पगाराच्या मर्यादेत, अडकले जो टीममध्येच नाही. इंडियानाच्या सेंटर मायल्स टर्नरला घ्यायला जागा करायची होती म्हणून. मी असा हिशोब कधी बघितला नव्हता, आणि ज्या दिवशी ही बातमी आली त्या दिवशी मी 2023 च्या माझ्या उड्या आठवून गप बसलो.

पैशाचा मुद्दा आता आधीपेक्षा कितीतरी मोठा झालाय, हे बऱ्याच फॅन्सच्या अजून डोक्यात बसलेलं नाही. लीग आणि खेळाडूंच्या 2023 च्या नव्या करारात सेकंड एप्रन नावाची टीमच्या एकूण पगाराची रेषा आली. तिच्या वर गेलात की दोन-तीन छोटे पगार एकत्र करून एक मोठा खेळाडू आणता येत नाही, मिड लेव्हलवाला, म्हणजे मधल्या पगाराची सूट वापरून, खेळाडू घेता येत नाही, सात वर्षांनंतरचा पिक गोठतो, म्हणजे ट्रेडमध्ये देता येत नाही. आधी काय होतं की मालक दिलदार असेल तर लक्झरी टॅक्स (जादा पगाराचा दंड) भरायचा आणि चूक झाकायची. आता पैसे असूनही चूक झाकता येत नाही. चुकीचा पॉइंट गार्ड घेतला तर तुमचं बाकीचं बेंच पण गेलं, दोन-तीन वर्षं तुम्ही मिनिमम पगारावर मिळतील त्या माणसांवर. त्यामुळे नुसता दोन माणसांचा टॅलेंट तोलून भागत नाही, तो आल्यावर उरलेल्या पैशात त्याच्या बाजूला कोण उभं राहणार हे पण त्याच तराजूत घालावं लागतं.

बॉस्टनकडे बघा. तिथे जेसन टेटम, जेलन ब्राऊन, डेरिक व्हाइट, पोर्झिंगिस, बॉल घ्यायला माणसं रांगेत उभी. हॉलिडे गेला आणि त्याने आपले शॉट कमी केले, 19 वरून 12.5 पॉइंटवर आला, आणि कुठे उभा राहिला तर कोपऱ्यात. कोपऱ्यातून त्याने साठ टक्क्यांच्या आसपास थ्री मारले राव. दोन वेळचा ऑल स्टार, 2021 चा चॅम्पियन, आणि कोपऱ्यात उभं राहून बॉलची वाट बघतोय. कधी कधी तर समोरच्याच्या सेंटरवर डिफेन्सला तो, कारण पोर्झिंगिसला मोकळं ठेवायचं होतं. इंडियानाविरुद्ध कॉन्फरन्स फायनलच्या, म्हणजे लीगच्या अर्ध्या भागाच्या फायनलच्या, तिसऱ्या मॅचला आजारी असताना खेळला आणि शेवटच्या काही सेकंदात नेमहार्डच्या हातातून बॉल काढून घेतला, मॅच तिथेच संपली. मला ते बघून 2021 च्या फायनल्सची पाचवी मॅच आठवली, फीनिक्सच्या बुकरच्या हातातून तसाच ओढून घेतलेला बॉल आणि मग यानिसला दिलेला तो ॲली ऊप, हवेतला पास. त्या फायनल्समध्ये हॉलिडेचं शूटिंग चाळीस टक्क्यांच्याही खाली होतं, हे पण सांगतो, कारण त्याचे भक्त ते विसरतात. शॉट जात नसताना मॅच जिंकून देणारे गार्ड फार थोडे असतात.

यावर म्हणतात की बॉस्टनमध्ये त्याला सोपं काम होतं, आजूबाजूला सगळे स्टार. अहो, तेच तर मी म्हणतोय! काम सोपं झालं कारण त्याच्याकडे नको ते काम दिलंच नाही. मिलवॉकीत शेवटच्या मिनिटाला ऑफेन्स चालवायची जबाबदारी त्याच्यावर यायची आणि तिथे तो कमी पडायचा, मग आम्ही शिव्या द्यायचो. आणि हॉलिडे म्हणजे काय देवमाणूस असंही नाही, 2024 ला बॉस्टनने त्याच्याशी चार वर्षांचा साडेतेरा कोटी डॉलरचा करार केला आणि एका वर्षात तोच करार जड झाला, एप्रनखाली यायला त्यांनी त्याला देऊन टाकलं. चांगला फिट पण महागात पडतो कधी कधी. फक्त त्यांच्याकडे तोवर ट्रॉफी आलेली होती.

ही एकाच ट्रेडची गोष्ट आहे आणि एका ट्रेडवरून नियम काढायचा नसतो, कबूल. म्हणून ओक्लाहोमा सिटीचं बघा, मला तर तो या विषयातला सगळ्यात हुशार निर्णय वाटतो आणि त्यावर कुणी फारसं बोलत नाही. 2023-24 ला त्यांनी 57 मॅच जिंकल्या, त्यांचा जॉश गिडी एकवीस वर्षांचा, उंच, बॉल हँडल करणारा, पास देणारा पॉइंट गार्ड, लॉटरी पिक, म्हणजे ड्राफ्टमध्ये अगदी वर निवडलेला. पण बॉल शे गिल्जस अलेक्झांडरच्या हातात असायचा, मग गिडी उभा राहायचा थ्री लाइनवर, आणि प्लेऑफमध्ये डॅलसने त्याला सरळ मोकळं सोडलं, मार बाबा तुला मारायचा तर. टीम हरली. जूनमध्ये ओक्लाहोमाने गिडी शिकागोला देऊन ॲलेक्स करुसो घेतला, एकास एक, सोबत पिक पण मागितला नाही. तेव्हा लोक हसले, एकवीस वर्षांचं पोरगं देऊन तिशीतला रोल प्लेअर घेतला म्हणून. पुढच्या सीझनला 68 विजय आणि चॅम्पियनशिप. आणि गंमत अशी की गिडीचं पण भलं झालं, शिकागोत बॉल त्याच्या हातात आला, तो सव्वासात असिस्टच्या आसपास खेळला आणि 10 कोटी डॉलरचा करार घेऊन गेला. गिडीत खोट नव्हतीच, नुसती जागा चुकली होती.

हाच करुसो आधी लेकर्सकडे होता हे आठवलं की मला अजून हसू येतं. 2021 च्या ऑफसीझनला लेकर्सने करुसोला शिकागोला जाऊ दिलं, चार वर्षांचे 3 कोटी 70 लाख डॉलर जास्त वाटले, आणि त्याच महिन्यात रसेल वेस्टब्रुक आणला, एका वर्षाचे 4 कोटी 40 लाखांहून जास्त. लेब्रॉन जेम्सच्या हातात बॉल असताना वेस्टब्रुकने करायचं काय? थ्री त्याला कधीच जमला नाही, त्या सीझनला तीस टक्के पण नाही. 33-49, प्लेऑफ पण नाही. एक एमव्हीपी (सीझनचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला) आणला आणि बॉलला हात न लावता मॅच फिरवणारा गार्ड फुकट घालवला. याच्यावर आणखी लिहीत नाही, लेकर्सवाल्यांना आधीच पुरेसं झालंय.

आता दुसरी बाजू, कारण मी फक्त डिफेन्सवाले गार्ड घ्या असं म्हणतच नाहीये. 2022 ला न्यूयॉर्क निक्सने जेलन ब्रन्सनला चार वर्षांचे 10 कोटी 40 लाख दिले तेव्हा सगळे म्हणाले जास्त दिले. उंची कमी, ऑल स्टार नाही, डॅलसमध्ये डॉन्चिचच्या बाजूचा दुसरा माणूस, डिफेन्सला समोरचे त्यालाच शोधून शोधून पुढ्यात आणणार. यातला डिफेन्सचा मुद्दा आजही खरा आहे. पण निक्सकडे शेवटच्या पाच मिनिटांत बॉल घेणारा कोण होता? ज्युलियस रँडल, आणि 2021 च्या प्लेऑफमध्ये अटलांटाने त्याचं काय केलं ते सगळ्यांनी बघितलेलं. त्यांच्याकडे खुर्ची रिकामी होती. ब्रन्सन त्या खुर्चीवर बसला, 2025 ला क्लच प्लेअर ऑफ द इयर, म्हणजे अटीतटीच्या मिनिटांतला सर्वोत्तम, झाला आणि निक्स 2000 नंतर पहिल्यांदा कॉन्फरन्स फायनलला गेले. त्याच्या डिफेन्सची भरपाई करायला त्यांनी नंतर लांब हातांचे विंग, म्हणजे कडेने खेळणारे डिफेंडर, गोळा केले, अनुनोबी, ब्रिजेस, आधी बॉलवाला आणि मग त्याच्याभोवती टीम, हा क्रम मला बरोबर वाटतो. डॅलसची चूक वेगळी होती. ब्रन्सनला बरंच स्वस्तात बांधायची संधी त्यांच्याकडे होती, त्यांनी टाळलं, आणि तो काहीच न मिळता हातातून गेला. 2022 ला डॉन्चिच जखमी असताना यूटाविरुद्ध प्लेऑफमध्ये त्याने 41 मारले होते, तेव्हातरी कळायला हवं होतं.

आणि तिसरा प्रकार असतो, पोरांची टीम. 2023 ला ह्यूस्टनसमोर दोन नावं फिरत होती, जेम्स हार्डन आणि फ्रेड व्हॅनव्ह्लीट. हार्डन ह्यूस्टनचाच जुना हिरो, एमव्हीपी, तिकिटं खपली असती. त्यांनी व्हॅनव्ह्लीट घेतला, तीन वर्षांचे 12 कोटी 85 लाख, तेव्हाही सगळे हसले, मी पण. ड्राफ्टलाच कुणी न घेतलेला सहा फुटाचा गार्ड आणि एवढे पैसे? पण टीममध्ये शेंगून, जेलन ग्रीन, जबारी स्मिथ, आमेन थॉमसन, सगळी विशीतली पोरं, त्यांना बॉल मिळणं गरजेचं होतं आणि कोण कुठे उभं राहायचं हे ओरडून सांगणारा कुणीतरी. हार्डन आला असता तर बॉल त्याच्याकडे राहिला असता आणि पोरं बघत बसली असती. आधीच्या सीझनला 22 विजय, मग 41, मग 52. करार पण छोटा, तिसरं वर्ष टीमच्या मर्जीवर, म्हणजे महाग घेतलं पण अडकून नाही घेतलं. फीनिक्सने 2020 ला 35 वर्षांच्या ख्रिस पॉलला आणलं तोही याच जातीचा निर्णय, बुकर आणि एटनला वळण लावायला, आणि ते थेट फायनल्सला गेले.

माझ्या म्हणण्याला न बसणारं उदाहरणही आहे, तेही सांगून टाकतो. फेब्रुवारी 2022 ला सॅक्रॅमेंटोकडे दोन पॉइंट गार्ड होते, डिएरॉन फॉक्स आणि हॅलिबर्टन, आणि त्यांनी हॅलिबर्टन देऊन सेंटर सबोनिस घेतला. माझ्या नियमाने बघितलं तर हे बरोबरच, एका टीममध्ये दोन बॉलवाले कशाला, आणि पुढच्याच सीझनला ते 48 मॅच जिंकून 16 सीझनचा प्लेऑफचा दुष्काळ संपवून आले. तरी आज त्यांच्याकडे फॉक्स पण नाही, आणि हॅलिबर्टनने इंडियानाला 2025 च्या फायनल्सच्या सातव्या मॅचपर्यंत नेलं. म्हणजे दोघांतला एक काढायचा हे बरोबर होतं, कुठला काढायचा ते चुकलं. हॅलिबर्टन बॉल हातात फार वेळ धरतच नाही, घेतो आणि सोडतो, तो फॉक्सच्या बाजूला पण खेळला असता आणि सबोनिसच्या पण. न्यूयॉर्कविरुद्ध त्याची ती 32 पॉइंट, 15 असिस्ट, 12 रिबाउंड आणि टर्नओव्हर शून्य अशी मॅच बघा, तीस-पंधरा-दहा आणि एकही टर्नओव्हर नाही असं प्लेऑफमध्ये त्याआधी कधी झालंच नव्हतं. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये लीगमधल्या खेळाडूंनीच त्याला सगळ्यात ओव्हररेटेड ठरवलं होतं. खेळाडूंना पण हे कळत नाही तर आपलं काय घेऊन बसलात.

तर पुढच्या वेळी तुमच्या टीमच्या नावापुढे कुणाचं तरी मोठं नाव लागलं की आधी मागच्या सीझनच्या शेवटच्या दहा हरलेल्या मॅच काढून बघा. शेवटच्या पाच मिनिटांत शॉट मिळत नव्हता म्हणून हरलात की समोरच्याचा गार्ड थांबत नव्हता म्हणून? मी बक्सचं हे 2023 ला केलं नाही, मायामीची ती एक सीरीज डोक्यात धरून बसलो. सीरीज पाच मॅचची होती, डिफेन्स 82 मॅच चालला होता. आणि जो माणूस देताय तो उद्या कुठे जाईल याचा पण विचार करा, कारण पोर्टलंडला हॉलिडे ठेवायचाच नव्हता हे सगळ्या जगाला माहिती होतं, बॉस्टनला रॉबर्ट विल्यम्स, ब्रॉग्डन आणि दोन पिक देऊन तो मिळाला. आपल्याच कॉन्फरन्समधल्या सगळ्यात तगड्या टीमला आपणच त्यांचा राहिलेला तुकडा नेऊन दिला.

यातला शेवटचा विनोद म्हणजे 2025 च्या ऑफसीझनला दोघंही पोर्टलंडला आले. हॉलिडे बॉस्टनहून ट्रेड होऊन, म्हणजे 2023 ला ज्या टीममध्ये तो कागदावर चार दिवस होता तिथेच, आणि लिलार्ड बक्सने सोडल्यावर घरी परत, तीन वर्षांचे 4 कोटी 20 लाख आणि त्याला विचारल्याशिवाय कुठे पाठवायचं नाही अशी अट घालून. दोघांचे पगार आता उलटे, हॉलिडे महाग आणि लिलार्ड स्वस्त. अकिलीस बरा होऊन लिलार्ड आला आणि शेवटची दोन मिनिटं उरलीयेत, तर बॉल मी त्याच्याच हातात देईन, आणि समोरच्याच्या बॉलवाल्यावर हॉलिडे. 2023 ला यानिसच्या दोन बाजूंना हीच दोघं उभी पाहिजे होती. कॅपमध्ये काही केल्या बसली नसती, पण पाहिजे होती.